औषध गरिबाच्या हाती पोहोचवणारे हमीदसाहेब

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात काय किंवा मुंबईत काय, दम्याचा पंप घ्यायला मेडिकलमध्ये गेले की ‘सिप्ला’ हे नाव कानावर पडतेच. भीमेपलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभला या कंपनीचा कारखानाही आहे. पण ती काढली कोणी, हे आपल्या घरांतल्या किती मुलांना ठाऊक असेल? म्हणून या वेळी आम्ही डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांची ओळख करून देत आहोत.

हमीदसाहेबांचा जन्म १८९८ साली अलीगढचा. विषय रसायनशास्त्र. असहकाराच्या काळात त्यांनी जामिया मिलियात शिकवले आणि पुढे बर्लिनला डॉक्टरेट मिळवली. तिथेच लिथुआनियातील ज्यू घराण्यातल्या लुबा यांच्याशी ओळख झाली. १९२८ साली दोघांचा विवाह झाला. १९३५ साली त्यांनी मुंबईत सिप्लाची स्थापना केली. औषधांसाठी देशाने परदेशाकडे तोंड लावून बसू नये, हा त्यांचा ध्यास. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी कारखान्याला भेट दिली. फाळणीला हमीदसाहेबांचा विरोध होता. ते मुंबईतच राहिले. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

पुत्र डॉ. युसूफ हमीद केंब्रिजहून शिकून आले आणि वडिलांचा वारसा त्यांनी पुढे नेला. तेव्हाच्या पेटंट कायद्यामुळे नवी औषधे परदेशी कंपन्यांच्या मुठीत होती. कायदा बदलावा म्हणून ते झटले. १९७० चा नवा कायदा १९७२ पासून लागू झाला. आता पेटंट औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला मिळू लागले. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायची वाट खुली झाली आणि किमती उतरल्या. २००५ साली औषधांवरचे पेटंट परत आले. मधल्या तीन दशकांत देशी उद्योग मात्र उभा राहिला होता.

२००१ साली जगाने त्याचे फळ पाहिले. एड्सच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. सिप्लाने तीच औषधे साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केली, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी! आफ्रिकेतील असंख्य घरांना आधार मिळाला. युसूफ हमीद यांना २००५ साली पद्मभूषण मिळाले.

आपल्याकडे मूल हुशार निघाले की घरचे म्हणतात, डॉक्टर करू. जरूर करा. पण मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला म्हणून मुलीला किंवा मुलाला घरी बसवू नका. फार्मसी आहे, रसायनशास्त्र आहे. खिदमत-ए-खल्कचा तोही रस्ता आहे, आणि त्या रस्त्याने गेलेल्या एका माणसाने किती घरांतले दिवे विझू दिले नाहीत, हे आपण पाहिलेच.