माथा टेकवावा कुणापुढे?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि एक प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. याच टेकडीवर सापडलेल्या कठड्याच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. वादळपावसात बुद्धावर फणा धरणारा हा नागराज इथे फणा उभारून आहे, पण त्याच्या छत्राखाली फक्त आसन आहे. त्यावर कुणीच बसलेले नाही. हे शिल्प इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले. तेव्हा बुद्धाला मनुष्यरूपात दाखवत नसत. भक्त रिकाम्या आसनापुढे, बोधिवृक्षापुढे, पावलांच्या ठशांपुढे हात जोडत.

पवनीपासून हजारो कोसांवरच्या यरुशलेमेतही असेच काही होते. शलमोनाच्या मंदिराच्या अगदी आतल्या दालनात कराराचा कोश होता. कोशाच्या झाकणावर पंख पसरलेले दोन करूब होते आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत मूर्ती नव्हती. दहा आज्ञांमध्ये मूर्तीपुढे वाकायला स्पष्ट मनाई आहे. मग वाकायचे कुणापुढे, आणि माणसाने माणसापुढे वाकावे की नाही? बायबल या प्रश्नाचे उत्तर नियमांपेक्षा गोष्टींतून जास्त देते.

रीत आणि सक्ती

माणसांपुढे वाकण्याला बायबलचा सरसकट विरोध नाही. पत्नी सारेच्या दफनासाठी जागा मागताना अब्राहाम हेथी लोकांपुढे वाकतो. ते परक्या धर्माचे, पण भूमीचे मालक. त्यांना मान देणे ही रीतच. भावाला फसवून पळालेला याकोब वीस वर्षांनी परततो, तेव्हा एसावाजवळ पोहोचेपर्यंत सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. एसाव त्याचा मुजरा घेत बसत नाही. धावत येऊन गळ्यात पडतो.

नमस्काराची सक्ती झाली की मात्र कथेचा सूर पालटतो. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर साठ हात उंच सोन्याची मूर्ती उभारतो आणि वाद्ये वाजताच सर्वांनी लोटांगण घालावे, असे फर्मान काढतो. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तीन तरुण ताठ उभे राहतात आणि भट्टीत फेकले जातात. एस्तेरच्या पुस्तकात प्रधान हामानापुढे सारा दरबार वाकतो, एकटा यहुदी मर्दखय वाकत नाही. तेवढ्यावरून हामान सगळ्या यहुद्यांच्या कत्तलीचा बेत आखतो. सैतानही येशूला जगातली सगळी राज्ये देऊ करतो आणि मोबदल्यात एक दंडवत मागतो.

नाइलाजाने वाकणाऱ्याला मात्र बायबल समजून घेते. अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा होतो आणि इस्राएलाच्या देवाचा भक्त बनतो. पण त्याचा राजा त्याच्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनच्या देवळात वाकतो, तेव्हा त्यालाही वाकावे लागणार. तो आधीच क्षमा मागून ठेवतो. अलीशा संदेष्टा त्याला उपदेश करत नाही. शांतीने जा, एवढेच सांगतो.

नमस्कार परतवणारे

नमस्काराला खरोखर पात्र असलेली माणसे बायबलमध्ये तो सहसा ठेवून घेत नाहीत. आपल्यापुढे भाऊ वाकतील, असे स्वप्न योसेफाने पोरवयात पाहिले होते. ते खरे होते. पण बाप वारल्यावर भाऊ भीतीने पायांशी पडतात, तेव्हा तो विचारतो, मी देवाच्या जागी आहे काय? कैसरियात रोमी सैन्याधिकारी कर्नेल्य येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडतो. पेत्र त्याला उठवतो आणि सांगतो, मीही माणूसच आहे. प्रकटीकरणात तर देवदूतसुद्धा योहानाला दोनदा अडवतो: मी तुझा सोबतीचा सेवक, नमन देवाला कर.

सर्वांत मोठी उलटापालट शेवटच्या भोजनाच्या रात्री होते. गुरू येशू स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पंढरीच्या वाटेवर वय, जात न पाहता एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्याला हे दृश्य परके वाटू नये.

हे दोन्ही प्रवाह एका माणसात मिळाले, आणि तेही आपल्याच भंडारा भागातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेवरंड टिळकांना, म्हणजे तेव्हाच्या नारायण वामन टिळकांना, डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. हा मार्ग भंडारा रोड स्थानकावरून जातो. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. देव बदलला, आळवण्याची रीत मराठीच राहिली.

भंडाऱ्याचा उमेदवार

गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी वाकणे हे शतकानुशतके भक्तीआधी सक्तीचे होते. वाटेत भेटणाऱ्याला लवून जोहार घालावा लागे. म्हणून बाबासाहेब आंबेडकरांचे या विषयावरचे बोलणे इथे जास्त वजनदार ठरते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बुद्धमूर्तीपुढे तीनदा वाकून वंदन केले. सक्तीचा जोहार नाकारणाऱ्या समाजाचा हा नेता आपखुशीने वाकला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

पेत्र आणि बाबासाहेब यांचा धर्म वेगळा, काळ वेगळा. तरी माणसाने माणसाला देव करू नये, यावर दोघांचे एकमत. आपल्या निवडणुकांच्या मोसमात पाया पडणारे कार्यकर्ते जागोजागी दिसतात. त्यांना दंडाला धरून उठवणारे, मीही माणूसच आहे असे सांगणारे नेते किती दिसले, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.