म्हशीची दगडी व नवीं औषधें

गोरेगांवास १९४९ सालीं आरे दुग्धवसाहत झाली. तेथें काय किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यांत काय, म्हशीस दगडी होऊन कास सुजली कीं धनी पेनिसिलिनची सुई शोधितो. हें औषध जंतूस आपली भिंत बांधूं देत नाहीं. वाढता जंतु फुटून मरतो. टेट्रासायक्लीन जंतूचें प्रथिन घडणें थांबवितें, म्हणजे त्याची वाढच खुंटते. मग पेनिसिलिनने फोडावें काय? म्हणून वैद्यास न विचारतां दोन्ही एकदम टोंचणें हा शहाणपणा नव्हे. टेट्रासायक्लीन तोंडावाटे दिल्यास पोटांतील उपयोगी जंतूहि दबतात व जनावर चारा टाकतें. दोन्ही औषधें दुधांत उतरतात. उकळूनहि पुरतीं जात नाहींत. असें दूध विरजलें तरी दहीं नीट लागत नाहीं, आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. पशुवैद्य सांगतील तितके दिवस तें विकूं नये. वासरासहि पाजूं नये.