दम धरायचा नसतो

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीच्या माणसाला पाण्याचं अप्रूप नाही. बोर धरण शेजारीच, आणि आज साठीच्या आसपास असलेले अनेक जण विहिरीतच पोहायला शिकलेले. हीच मंडळी निवृत्तीनंतर कुटुंबासोबत किंवा गटाने मालवण-तारकर्लीला जातात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि किनाऱ्यावर स्कूबाची चौकशी करतात. तिथे तीन वाक्यं हमखास कानावर पडतात: पोहता येत नसलं तरी चालतं, जास्तीत जास्त वयाची अट नाही, खोली फारशी नाही. पर्यटकांसाठीच्या छोट्या बुडीपुरती तिन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांवरून आपण जो निष्कर्ष काढतो, की हे कोणालाही निर्धोक आहे, तो मात्र खोटा आहे. समुद्र जन्मतारीख विचारत नाही हे खरं, पण अडचणीच्या दोन-चार मिनिटांत शरीराकडे शिल्लक किती आहे हे तो नक्की विचारतो.

आधी स्कूबाच्या सिलिंडरबद्दल. सगळे त्याला ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात आणि त्यातून असाही समज होतो की दम लागणाऱ्याला खाली उलट बरंच वाटेल. पर्यटकाच्या पाठीवर असते ती साधी हवाच, फक्त दाबून भरलेली: सुमारे 21 टक्के ऑक्सिजन, बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन तर 6 मीटरच्या खाली झटके आणण्याइतका विषारी ठरू शकतो. याहून घातक समज उथळपणाचा. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, 10 मीटरवर तो दोन होतो. त्यामुळे 10 मीटरवरून वर येताना छातीतली हवा दुप्पट फुगते, तर 30 मीटरवरून 20 मीटरवर येताना ती एक-तृतीयांशानेच वाढते. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पडतो तो उथळ पाण्यातच. भरल्या छातीने श्वास रोखून जेमतेम दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. इथे विहिरीतलं पोहणं कामी येत नाही, उलट आडवं येतं. विहिरीत बुडी मारणारा वरूनच हवा भरून नेतो, ती खाली दबते आणि वर येताना मूळ आकारावर येते, म्हणून दम धरणं तिथे कसब ठरतं. स्कूबात खाली घेतलेला श्वास वर येताना फुगतो, म्हणून इथला पहिला नियमच असा की श्वास कधी रोखायचा नाही. घाबरल्यावर माणूस लहानपणच्या सवयीकडे वळतो, आणि चाळीस वर्षं मुरलेली सवय दहा मिनिटांच्या सूचनांनी मोडत नाही.

‘पाण्यात शरीर हलकं होतं, मग हृदयाला कसला त्रास?’ हा प्रश्न तर्काला धरून वाटतो. गुडघ्यांपुरता तो बरोबरही आहे. हृदयाचं मात्र उलटं होतं. गळ्यापर्यंत पाण्यात उतरताच पायांतलं साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीकडे सरकतं, थंडाव्याने बाहेरच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा भार वाढतो. रक्तदाब वाढलेला असेल तर काहींच्या फुप्फुसांत पाणी उतरतं, आणि हे कुठलीही चूक न करता, शांत समुद्रातही घडू शकतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या नोंदींतल्या 947 मृत्यूंचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. नेमकं काय बिघडलं हे ज्यांत ठरवता आलं, त्यांतल्या सुमारे 26 टक्के मृत्यूंत मूळ बिघाड हृदयाचा होता, आणि त्याचं नातं आधीपासूनच्या हृदयविकाराशी व चाळिशीपुढच्या वयाशी जुळत होतं. समुद्रात मरण म्हटलं की शार्क आठवणाऱ्यांनी आधी आपल्या रक्तवाहिन्या आठवाव्यात.

यावर आक्षेप तयार असतो: रे वूली हा ब्रिटिश माणूस 2019 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, सायप्रसजवळच्या झिनोबिया या बुडालेल्या जहाजापाशी 40 मीटरहून खोल उतरला, त्याचं काय? उदाहरण खरं आहे आणि माझ्या मुद्द्याच्याच बाजूचं आहे. वूलीने आयुष्यभर डायव्हिंग केलं होतं. शरीराची कष्ट सोसण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते, पण नेमाने चालणाऱ्या-पोहणाऱ्यात ती सावकाश घटते. म्हणून 70 वर्षांचा कसलेला माणूस बसून काम करणाऱ्या 45 वर्षांच्या माणसाहून सुरक्षित असू शकतो. डायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-प्रश्नावलीतही नुसतं वय अडवत नाही. पंचेचाळिशी उलटलेली असून तंबाखूचं धूम्रपान, उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा घरात अकाली हृदयविकार असेल, तर डॉक्टरांची परवानगी लागते. तीच प्रश्नावली क्षमतेचा एक साधा मापदंड देते: 1.6 किलोमीटर 14 मिनिटांत चालणं किंवा न थांबता 200 मीटर पोहणं जड जातं का? पहिली परीक्षा हिंगणीच्या कुठल्याही सपाट रस्त्यावर फुकटात होते, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. तो वेग जवळजवळ धावायला लावणारा आहे. तिथे छाती भरून आली, तर मालवणचं बुकिंग थांबवून आधी डॉक्टर गाठावेत. मात्र विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय श्रमालाही तयार आहे असं नव्हे. ते टीएमटीसारख्या श्रमाच्या तपासणीत कळतं.

दुखापतींबद्दल लोकांची भीती बहुधा चुकीच्या जागी असते. गुडघा बदललेला माणूस, जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जनच्या होकाराने, पाण्यात उतरू शकतो. अडचण धातूच्या सांध्याची नसते. अडचण असते हलत्या बोटीत चौदा-पंधरा किलोंचं सिलिंडर पाठीवर घेऊन उभं राहण्याची आणि शेवटी शिडी चढण्याची. त्यावर उपाय आहे: साज पाण्यात चढवायचा, पाण्यातच उतरवायचा, आणि हे मागायला लाजायचं नाही. याउलट, ज्याचा लोकांना विसर पडतो तो जुना क्षयरोग. बरा झाला तरी फुप्फुसात व्रण किंवा पोकळ्या राहू शकतात, तिथे हवा अडकते आणि वर येताना फुगते. फुप्फुस आपोआप मिटल्याचा इतिहास असेल तर बुडीचा विचारच सोडावा. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पाण्याखाली उतरली तर ती ओळखणार कोण? आणि सर्दी. सर्वांत जास्त इजा कानांना होते. सर्दीमुळे कान मोकळे होत नसतील तर पैसे भरले आहेत म्हणून खाली जाणं हा शुद्ध हट्ट आहे.

‘प्रशिक्षक हात धरून असतोच की,’ हे शेवटचं समर्थन. तो असतो, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा-प्रशिक्षण संस्थाही आहे. पण प्रशिक्षक श्वासाची चूक सुधारू शकतो, बंद पडू लागलेलं हृदय पाण्याखाली चालू करू शकत नाही. प्रश्नावलीत ‘नाही, नाही’ असं भराभर लिहिणारा त्यालाही फसवत असतो. बीपीची गोळी लपवणं तर दुहेरी घातक, कारण त्यातल्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत आणि गरजेच्या क्षणी श्रमाची क्षमता कमी पडते.

जे अभ्यासक्रम करून 18 मीटरपर्यंत, दिवसात दोन-तीनदा उतरतात, त्यांच्यासाठी धोका परतीच्या प्रवासातही असतो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन किती वेळात बाहेर पडतो याची पहिली कोष्टकं 1908 मध्ये शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी शेळ्यांवरच्या प्रयोगांतून मांडली आणि पुढची बरीचशी तरुण नौसैनिकांवर तपासली गेली. साठीतल्या मधुमेही माणसाला ती जशीच्या तशी लागू पडतील याची हमी नाही, तेव्हा खोली आणि वेळ दोन्ही मर्यादेच्या बरंच आत ठेवावं. उंचीवर दाब घटून उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एका बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर 18 तास विमान टाळावं, म्हणजे गोव्याहून नागपूरचं विमान दुसऱ्या दिवशीचंच घ्यावं. सुमारे 690 मीटर उंचीच्या आंबोली घाटातून लगेच गाडी काढतानाही हा विचार करावा. आणि घरी पोचल्यावर खांदा-गुडघा ठणकू लागला, हातापायांना मुंग्या आल्या, तर वय झालेला माणूस ते प्रवासावर किंवा वातावर ढकलतो, तेल चोळून झोपतो. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर समुद्राबद्दल आपणहून विचारतीलच असं नाही. कुठे, किती खोल आणि किती वाजता उतरलो होतो, हे पहिल्या वाक्यातच रुग्णाने सांगायचं.