‘चार्ज’ : शब्द एक, अर्थ अनेक

मराठी भाषकांच्या रोजच्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांमध्ये ‘चार्ज’ या शब्दाचे स्थान बरेच वरचे आहे. भ्रमणध्वनी चार्ज केला जातो, अधिकारी नव्या पदाचा चार्ज घेतो, उपाहारगृहाच्या बिलात सर्व्हिस चार्ज दिसतो, जमावावर लाठीचार्ज होतो आणि न्यायालयात चार्जशीट दाखल होते. या पाचही ठिकाणी शब्द तोच असला तरी त्याचे अर्थ परस्परांपासून पुष्कळ दूर आहेत. त्यांतील फरक लक्षात न आल्यास कधी खिशाला भुर्दंड बसतो, तर कधी एखाद्या व्यक्तीच्या अब्रूवर अकारण डाग लागतो. म्हणूनच या शब्दाची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

मूळ अर्थ : ओझे

‘चार्ज’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून, गाडी या अर्थाच्या ‘कार्रुस’ या शब्दापासून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ हे शब्दही याच कुळातील आहेत. म्हणजे ‘चार्ज’चा मूळ अर्थ ओझे लादणे असा होय. पुढे हे ओझे कधी जबाबदारीचे झाले, कधी पैशाचे, तर कधी आरोपाचे.

मराठीने यांपैकी अनेक अर्थांसाठी जे प्रतिशब्द स्वीकारले, त्यांतही हीच कल्पना दिसते. पदाचा चार्ज म्हणजे कार्यभार. तो तात्पुरता सांभाळणारा तो प्रभारी. भौतिकशास्त्रातील चार्ज म्हणजे प्रभार किंवा विद्युतभार. जमिनीवरील चार्ज म्हणजे बोजा. शब्द वेगवेगळे असले तरी भार सर्वत्र कायम आहे.

विजेचा भार

जुन्या काळी तोफेत वा बंदुकीत दारू भरण्यालाही ‘चार्ज’ म्हणत. अठराव्या शतकात काचेच्या भांड्यात वीज साठवण्याचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा हाच शब्द विजेसाठीही वापरला जाऊ लागला. धन आणि ऋण विद्युत या संज्ञा रूढ करणारे अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशा भांड्यांच्या संचाला ‘बॅटरी’ हे तोफखान्याच्या परिभाषेतील नाव दिले.

विद्युतभार कूलोम या एककात मोजला जातो. भ्रमणध्वनीच्या बॅटरीवर ‘५,००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, ती बॅटरी ५ अँपिअर प्रवाह एक तास देऊ शकते, म्हणजेच तिच्यातून १८,००० कूलोम इतका भार वाहू शकतो.

बिलातील चार्ज : कर नव्हे

शुल्क किंवा आकार या अर्थाने ‘चार्ज’ हा शब्द सर्वाधिक वापरला जातो. उपाहारगृहाच्या बिलातील ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर आहे, असा समज अजूनही आढळतो. या गोंधळाला एक कारण आहे. भारतात १ जुलै १९९४ पासून ‘सर्व्हिस टॅक्स’ म्हणजे सेवाकर लागू होता आणि १ जुलै २०१७ रोजी तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. नावे सारखी वाटत असली तरी सेवाकर सरकारच्या तिजोरीत जात असे, तर सर्व्हिस चार्ज उपाहारगृहाकडेच राहतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून, हा आकार बिलात आपोआप लावता येणार नाही आणि ग्राहकावर त्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्यास आव्हान दिले. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरविल्या. सेवेवर संतुष्ट झालेला ग्राहक स्वेच्छेने बक्षिसी देऊ शकतो. सक्ती झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदविता येते.

मालमत्तेवरील बोजा

कायद्याच्या परिभाषेत ‘चार्ज’चा आणखी एक अर्थ आहे. एखाद्या देण्याची हमी म्हणून मालमत्तेवर निर्माण झालेला हक्क म्हणजे चार्ज. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या असून, तो गहाणापेक्षा वेगळा मानला जातो. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हा चार्ज ‘बोजा’ या नावाने चांगला परिचित आहे. पीककर्ज घेतले की सातबाराच्या इतर हक्क या रकान्यात बँकेच्या वा सोसायटीच्या बोजाची नोंद होते.

येथे एक दक्षता आवश्यक असते. कर्ज फिटले म्हणून सातबारावरील नोंद आपोआप नाहीशी होईलच, असे गृहीत धरू नये. बँकेकडून कर्जफेडीचा दाखला घेऊन, फेरफाराद्वारे बोजा कमी झाल्याची खात्री करून घ्यावी. अन्यथा जमीन विकताना अथवा नवे कर्ज घेताना अडचण येते. जमीन खरेदी करणाऱ्यानेही हा रकाना आधी पाहावा.

राज्यघटनेतही हा शब्द आढळतो. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जावरील व्याज आदी खर्च अनुच्छेद ११२ नुसार भारताच्या एकत्रित निधीवर ‘चार्ज्ड’ म्हणजे भारित असतो. या खर्चावर संसदेत चर्चा होऊ शकते, मात्र मतदान होत नाही. न्यायाधीशांचे वेतन सभागृहातील बहुमतावर अवलंबून राहू नये, हा यामागील एक हेतू आहे.

चार्जशीट म्हणजे दोषसिद्धी नव्हे

बातम्यांमध्ये सर्वाधिक गैरसमज होतो तो फौजदारी खटल्यांच्या संदर्भात. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल सादर करतात, त्याला व्यवहारात चार्जशीट किंवा आरोपपत्र म्हणतात. कायद्यात त्याचे नाव ‘पोलीस अहवाल’ असे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याची तरतूद आहे. तपास यंत्रणेचे म्हणणे काय आहे, एवढेच आरोपपत्रावरून कळते.

त्यानंतर न्यायालय दोन्ही बाजू ऐकून आरोप निश्चित करते. याला ‘चार्ज फ्रेम करणे’ म्हणतात. प्रथमदर्शनी खटला चालविण्याइतका आधार आहे का, एवढेच या टप्प्यावर पाहिले जाते. नव्या संहितेनुसार आरोपांवरील पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत सत्र न्यायालयाने आरोप निश्चित करणे अपेक्षित आहे. पुरेसा आधार नसेल, तर आरोपीला ‘डिस्चार्ज’ केले जाते, म्हणजे अंगावरील आरोपाचे ओझे खटल्यापूर्वीच उतरविले जाते. खटला पूर्ण चालून होणारी निर्दोष मुक्तता ही याहून वेगळी असते. निर्दोष सुटलेल्या व्यक्तीवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालविता येत नाही. डिस्चार्ज झालेल्यास मात्र हे संरक्षण मिळत नाही.

या टप्प्यांमधील अंतर निवडणुकीच्या राजकारणातही महत्त्वाचे आहे. न्यायालयाने आरोप निश्चित केलेल्या उमेदवारांना निवडणूक लढविण्यास बंदी घालावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी ती अमान्य केली आणि असा कायदा करणे हे संसदेचे काम आहे, असे सांगितले. मात्र, उमेदवाराने आपल्यावरील प्रलंबित गुन्ह्यांची माहिती ठळकपणे जाहीर करावी, असा आदेशही दिला.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या विभागीय चौकशीतही दोषारोपपत्र दिले जाते. त्यालाही बोलण्यात चार्जशीटच म्हणतात; परंतु ती शिस्तभंगाची कारवाई असते, फौजदारी खटला नव्हे.

लाठीचार्ज

शत्रूवर वेगाने चाल करून जाणे हा ‘चार्ज’चा लष्करी अर्थ. घोडदळाच्या चढाईसाठी तो विशेष वापरला जाई. त्याला ‘लाठी’ हा भारतीय शब्द जोडून ‘लाठीचार्ज’ हा जोडशब्द तयार झाला. मराठीत त्यासाठी ‘लाठीमार’ असा नेमका शब्द आहे. संहितेच्या कलम १४८ मध्ये मात्र भाषा चढाईची नाही. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यावा आणि तो न पांगल्यास बळाचा वापर करावा, असा तेथील क्रम आहे.

तात्पर्य, ‘चार्ज’ हा शब्द वाचनात आला, की ओझे कोणाचे, कोणी लादलेले आणि ते उतरविण्याचा मार्ग कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. बिलातील चार्ज नाकारता येतो, सातबारावरील चार्ज कर्ज फेडून कमी करता येतो. आरोपाचा चार्ज मात्र न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो आणि तो सिद्ध होईपर्यंत आरोपी हा केवळ आरोपीच असतो, गुन्हेगार नव्हे.