वांदर काय करतो? बसतो

वांदरांच्या अभ्यासाला जातोय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उड्या येतात. आमच्या तक्त्यात मात्र सगळ्यांत जास्त वेळा पडणारं अक्षर ‘ब’. ब म्हणजे बसलंय. त्याच्या खालोखाल ‘ख’, खातंय. उडी मारली, भांडण झालं, दात विचकले, यांनाही अक्षरं दिलेली आहेत, पण त्यांचे रकाने दुपारपर्यंत कोरे राहिले तरी नवल वाटत नाही.

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात एका संशोधिकेच्या हाताखाली मी बिनपगारी मदतनीस म्हणून जातो. विषय काळतोंडं वांदर. डोक्यावर केसांची टोपी असलेलं माकड ते वेगळं. माकड मिळेल ते गालाच्या पिशव्यांत कोंबतं आणि सावकाश चघळत बसतं. वांदराला तशा पिशव्या नाहीत. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, पाला तिथे जिवाणूंच्या मदतीने आंबतो आणि मग पचतो. सकाळी भरपेट पाला ओरपलेली टोळी ऊन चढलं की फांद्यांवर पाय सोडून, शेपट्या लोंबत ठेवून, पोटात चाललेलं काम संपायची वाट पाहते. आम्ही खाली उभे राहून तीच वाट पाहतो. ‘ब’ची संख्या वाढते ती यामुळे.

हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीसाठी राखलेलं होतं. 1986 साली अभयारण्य झालं. निम्मंशिम्मं सदाहरित, बाकीचं पानझडी: ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, आणि झाडाझाडांना गुंडाळत गेलेली गारंबीची वेल, जिच्या शेंगा हातभराहून लांब भरतात. पाणी साठून राहणाऱ्या जागांना इथे ‘गाण’ म्हणतात. ‘आज चिखलगाणीच्या अंगाला आहेत’ एवढं सांगितलं की कुठे जायचं ते कळतं.

सांगणारा असतो आमच्याबरोबरचा कातकरी गडी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की कातकरी स्वतःला रामाच्या वानरसेनेचे वंशज मानतात. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘मग तुमी आमचीच माणसं मोजताय.’ उजाडायच्या आत टोळी निजलेल्या झाडाखाली पोचायचं असतं. नर पहाटे हूप देतो, पण त्याच्या भरवशावर राहिलं तर आवाज एका खोऱ्यातून येतो आणि टोळी दुसऱ्याच खोऱ्यात असते. गडी आवाजापेक्षा जमिनीकडे जास्त बघतो. ताजी लेंडी, कुरतडून टाकलेली पानं, मग मान वर: ‘ती बघा, ऐनावर. शेपूट दिसते.’ मला शेपूट दिसायला आणखी वेळ लागतो.

मग घड्याळ. दर पंधरा मिनिटांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि दिसेल त्या प्रत्येकाचं, नजर पडली त्या क्षणी जे चाललंय तेच लिहायचं. आधीचं नाही, नंतरचं नाही. मध्येच एखाद्या पोराने आईची शेपटी ओढून धमाल उडवली, तरी वेळ झालेली नसेल तर ती तक्त्यात जात नाही. ही शिस्त पाळणं पहिल्यांदा जिवावर येतं. तिचं कारण जीन ऑल्टमन या अमेरिकी अभ्यासिकेने 1974 साली एका लेखात मांडलं. बघणाऱ्याची नजर गडबड असेल तिकडे धावते, त्यामुळे मन मानेल तसं टिपलं तर वहीत भांडखोर आणि धीट प्राण्यांचीच गर्दी होते आणि गप्प बसणारे गायब होतात. बबूनांमध्ये काम करणाऱ्या बाईंनी सांगितलेलं हे फणसाडच्या ऐनाखाली जसंच्या तसं लागू पडतं.

दुसरी शिस्त म्हणजे कारण लिहायचं नाही. ‘चिडून हाकललं’ असं लिहिलं की संशोधिका ‘चिडून’वर काट मारते. हाकललं, कोणी कोणाला, किती वाजता, बस. एवढ्याने लिखाण कोरडं होतं खरं, पण डोळा तरतरीत होतो. राग दिसला असं वाटायच्या जागी भुवया वर गेलेल्या दिसतात. एक मादी कोवळं पान तोडते, देठाकडचा भाग खाते आणि उरलेलं पातं सोडून देते, हे मला कित्येक सकाळी दिसतच नव्हतं. मला वाटायचं, पानं सांडतायत. खाली पडलेली पाती गोळा करून बघितली तर प्रत्येकाचं देठ दातांनी तोडलेलं. ‘ख’ या एका अक्षरात झाडाचं नाव, पान की फूल की फळ, कोवळं की जून आणि त्यातला कुठला भाग, एवढं सगळं असतं. म्हणून त्या दिवसापासून पिशवीत पाती भरून आणणं हेही माझ्याकडे आलं.

पिल्लू जन्मलं की मात्र कोणालाही स्वस्थ बसवत नाही. आई राखाडी आणि पोर काळपट, गुलाबी तोंडाचं. पहिल्या दिवसापासून ते टोळीतल्या बायांच्या हातोहात फिरतं, एक ओढून घेते, दुसरी उलटं धरते, ते किंचाळतं, आई शांतपणे खात असते. हे बघताना धारवाड आठवतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या रानात वांदरांमागे फिरले. बाहेरच्या नराने टोळी बळकावल्यावर तान्ही पिल्लं मारली जातात, हे त्यांनी तिथे नोंदलं. पुढे सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वांदरांवरून त्याचा अर्थ लावला: पोर गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते. यावर बरीच वर्षं कडाक्याचे वाद झाले. ते वाद लढले गेले नोंदवह्यांच्या जोरावर, म्हणून आमच्याकडे नर बदलला की तारीख ताबडतोब लिहिली जाते.

गोचिडांचं इथे थोडक्यात. पँट मोज्यात खोचायची, संध्याकाळी अंग तपासायचं, आणि मेलेलं वांदर दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला कळवायचं. माकडताप गोचिडांवाटे येतो. 1957 साली तो शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गापर्यंत पोचलाय. इथे रायगडात त्याचं भय कोणी फारसं बाळगत नाही. सवय मात्र असलेली बरी.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावरून होणारी प्रगणना अनेकांना ठाऊक असते. चांदण्यात बिबट्या दिसेल या आशेवर लोक येतात आणि ती रात्र खरोखर सुंदर असते. पण वांदर सूर्य मावळताच झाडावर निजतं. शिवाय मोजणी दिवसाही चालली, तर सकाळ-दुपार दोनदा पाण्यावर आलेली एकच टोळी दोनदा मोजली जाते. त्या रात्रीवरून वांदरांची संख्या ठरवू नये, असं माझं मत आहे.

संख्येची खरी गरज जंगलाबाहेर आहे. टोळी माणसांना सरावली की आम्हाला सोपं जातं. आम्ही दहा पावलांवर असलो तरी ती खात राहते. पण हीच टोळी मग वाडीत शिरताना माणसाला बघून दबकत नाही, आणि तिथे बेचकी घेऊन उभा असलेला माणूस नोंदी करायला आलेला नसतो. या बाबतीत आम्ही अगदी निर्दोष आहोत असं मला वाटत नाही. वांदर-माकडांचं निर्बीजीकरण करा, अशी मागणी कोकणातले बागायतदार वर्षानुवर्षं करतायत. ती मान्य करा की फेटाळा, टोळ्या किती, त्यांत माद्या किती आणि वाडीत येतं ते वांदर की माकड, हे आधी कळायला लागतं. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी झोपवल्या. त्यानंतर उरलेल्या झाडांवरचं एकेक शहाळं लोक मोजू लागले.

काशीदकडच्या एका वाडीवाल्याने आमची वही बघून विचारलं, ‘आमचे नारल पन लिवा की त्यात.’ संशोधिका म्हणाली, ‘काका, आम्ही डोळ्यांनी पाहिलेलंच लिहितो.’ काका म्हणाले, ‘मंग मी बगतो ना रोज!’ वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून त्यांना एक वेगळी वही दिलीय. तारीख, किती पडले, वांदर की माकड, असे तीनच रकाने. त्यांचा आकडा आमच्या तक्त्यात मिसळत नाही, कारण ते पंधरा मिनिटांच्या हिशेबाने बघत नाहीत. महिनाअखेरीला मी ती वही उतरवून घेतो. गेल्या वेळी त्यांनी आपणहून चौथा रकाना आखला होता: ‘कुत्रं होतं का’.