एकच कोड, सात तऱ्हेची यंत्रं

डेबियन या लिनक्स वितरणाची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, ती सात प्रकारच्या प्रोसेसरांसाठी: नेहमीचा इंटेल-एएमडी, आर्मचे तीन, आयबीएमचे पॉवर आणि मेनफ्रेम, शिवाय अधिकृत यादीत प्रथमच आलेला रिस्क-फाइव्ह. कुणी नवा सोर्स कोड पाठवला की या प्रत्येक प्रकारासाठी तो आपोआप बांधला जातो, आणि सोबतच्या चाचण्याही तिथल्या तिथे चालतात. काय बिनसलं, त्याची नोंद कुणालाही वाचता येते.

पण कोड एकच, तर निकाल वेगळा कसा? सी भाषेतला ‘कॅर’ म्हणजे एक बाइट. त्यात ऋण संख्या मावते की नाही, हे भाषेनं ठरवलेलंच नाही. लिनक्समध्ये इंटेलवर तो −१२८ ते १२७ असतो, आर्मवर ० ते २५५. एकेक अक्षर वाचणारं फंक्शन फाइल संपली की −१ देतं. ते उत्तर कुणी ‘कॅर’मध्ये ठेवलं, तर इंटेलवर लूप थांबतो. आर्मवर त्याच −१चे २५५ होतात आणि लूप फिरतच राहतो. मग इंटेलवर कोड बरोबर आहे का? नाही. फाइलमध्ये खरोखरच २५५चा बाइट आला, तर तो शेवट समजून वाचन मध्येच थांबतं, तेही गुपचूप. मला तर आर्मवरचं अडकणंच परवडलं.

मेनफ्रेमवर पत्त्यांचा खेळ कोण खेळणार, मग तिथे चाचणी कशाला, असं वाटेल. पण या सातांत संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणारा तो एकटाच. इंटेलवर चार बाइटांत जशीच्या तशी साठवलेली १ ही संख्या तिथे १,६७,७७,२१६ अशी वाचली जाते.

ऑपरेटिंग सिस्टिमचे नखरे निराळे. मॅक आणि विंडोजवर फाइलच्या नावातलं लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर सहसा एकच धरतात. लिनक्सवर त्या दोन फाइली होतात.

घरी मेनफ्रेम नसेल, तर क्यूएमू आहे. फाब्रिस बेलार्ड यांचा हा प्रोग्रॅम परक्या प्रोसेसरच्या सूचना आपल्या प्रोसेसरला कळतील अशा करून चालवतो. ‘कॅर’ची किंवा बाइटांच्या क्रमाची चूक त्यात सापडते. मात्र एका कोअरनं मेमरीत आधी लिहिलेलं दुसऱ्या कोअरला नंतर लिहिलेल्याच्याही मागून दिसणं आर्मवर चालतं. इंटेल लेखनाचा क्रम सोडत नाही. त्यामुळे इंटेलवर आर्मचं सोंग आणलं, तरी या क्रमावर विसंबलेल्या कोडची चूक दडूनच राहते. तिच्यासाठी खरा आर्म बोर्ड हवा, आणि तिथेही तीच चाचणी हजारो वेळा चालवावी लागते.