थंडीने तडकणारे पोलाद

लोखंड तापले की मऊ होते, हे आपल्याला लोहाराने दाखवले. पण फार गारठले की तेच काचेसारखे तडकते, हे सहसा कुणी सांगत नाही.

२५ सप्टेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील लाँगफर्डच्या वायू प्रकल्पात गरम तेलाचा प्रवाह थांबला. एरवी सुमारे १०० अंश सेल्सियसला चालणारे एक पात्र उणे ४८ अंशांपर्यंत उतरले. त्यात गरम तेल पुन्हा सोडताच ते फुटले. दोन कामगार दगावले. मेलबर्नच्या गॅसच्या शेगड्या सुमारे दोन आठवडे बंद राहिल्या.

मग उपाय काय? पहिला, धातूची निवड. साधे कार्बन पोलाद साधारण उणे २९ अंशांपर्यंत वापरतात. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांचा. त्याच्या पाइपांना सहसा निकेलयुक्त स्टेनलेस स्टील वापरतात. दुसरा, चार्पी चाचणी. खाच पाडलेला तुकडा गार करून त्यावर वजनदार हातोडा सोडतात. चिवट तुकडा बराच वाकतो, ठिसूळ तुकडा कट्कन मोडतो. तो आवाज मी प्रयोगशाळेत ऐकला आहे. अजून विसरलेलो नाही. वेल्डिंगच्या सांध्याचीही हीच परीक्षा घ्यावी.

तिसरा उपाय बिनखर्चाचा: संयम. गारठलेल्या पाइपात गरम द्रव किंवा पूर्ण दाब एकदम सोडू नये. एरवी गरम असणाऱ्या पाइपावर बर्फ दिसले, तर आधी थांबावे आणि मगच पुढचा व्हॉल्व्ह उघडावा.